बंपरखालची पट्टी आणि हवेचे गणित

जळगाव, भुसावळ, धुळे या गावांवरून जाणाऱ्या महामार्गांवर हल्ली काही मोटारी मुद्दाम सजवलेल्या दिसतात. पुढच्या बंपरखाली काळ्या प्लॅस्टिकची रुंद पट्टी असते, कधी बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवर माशाच्या परांसारखे छोटे पंख असतात. बाजारात या वस्तूंना लिप, स्प्लिटर, कॅनार्ड अशी नावे आहेत. बसवून देणारा सांगतो, की यामुळे गाडी हवा कापत जाते, वेगात रस्त्याला चिकटून राहते आणि ॲव्हरेजही वाढते.

अकरावीतला एखादा विद्यार्थी वर्गात याविषयी विचारतो, तेव्हा ‘हे सगळे थोतांड आहे’ असे सांगून चालत नाही. कारण शर्यतीच्या गाड्यांना असे भाग खरोखरच असतात. ‘अगदी खरे आहे’ असे म्हणूनही चालत नाही. सुदैवाने हे तीनही दावे तपासायला शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

हवेचा विरोध किती?

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की वाऱ्यातून मिळू शकणारी शक्ती आठपट होते. पवनचक्कीच्या ठिकाणी हवा धावते आणि पाते खांबाला बांधलेले असते; मोटारीच्या ठिकाणी हवा स्थिर असते आणि मोटार धावते. नियम मात्र एकच. तिकडे जो नियम आपल्याला वीज देतो, तोच इकडे आपले पेट्रोल खातो.

मोटारीवरील हवेचा विरोध चार गोष्टींवर अवलंबून असतो: हवेची घनता, गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, गाडीच्या आकारावर ठरणारा गुणांक आणि वेगाचा वर्ग. या चारांचा गुणाकार करून निम्मा केला, की विरोधाचे बल मिळते. आपल्या हिशेबासाठी एक मध्यम मोटार घेऊ. तिचे वजन १००० किलो, समोरचे क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर, गुणांक ०.३३ आणि हवेची घनता दर घनमीटरला १.१ किलो धरू.

ताशी ४० किलोमीटर वेगाला हा विरोध सुमारे ४७ न्यूटन येतो. ताशी ८० ला तो चौपट म्हणजे १८८ न्यूटन आणि ताशी १०० ला २९४ न्यूटन होतो. याशिवाय टायर रस्त्यावर दबत-फुगत फिरतात, त्याचा विरोध या गाडीसाठी सुमारे ११८ न्यूटन असतो आणि तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. म्हणजे गावात टायरांचा विरोध मोठा आणि हवेचा लहान. ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास दोन्ही सारखे होतात आणि त्यापुढे हवा वरचढ ठरते. बंपरखालच्या पट्टीचा विचार त्यामुळे महामार्गावरील वेगापुरताच करावा लागतो. बाजारपेठेत रिक्षांमागून चालणाऱ्या गाडीला तिचा उपयोग नाही.

पट्टी काय करते?

गाडी पुढे जाते तेव्हा समोरची हवा तीन वाटांनी फाटते: काही वरून, काही बाजूंनी आणि काही गाडीच्या पोटाखालून. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पोटाखाली मात्र सायलेन्सर, गिअरबॉक्स, ॲक्सल, नळ्या असा पसारा असतो. तिथे शिरलेली हवा प्रत्येक अडथळ्यावर आपटते, भोवरे करते आणि गाडीला मागे ओढते. बंपरखाली उभी पट्टी लावली, तर पोटाखाली जाणारी हवा कमी होते. पट्टी स्वतः हवेला अडवते हे खरे, पण तिच्या आडोशाने वाचलेला विरोध अधिक असेल, तर एकूण फायदा होतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर मोटार कारखान्यांनी इंधन वाचवण्यासाठी हवेच्या विरोधाकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली आणि अशा पट्ट्या साध्या गाड्यांवरही दिसू लागल्या.

स्प्लिटर ही आडवी फळी असते. बंपरला धडकून हवा जिथे जवळजवळ थांबते तिथे दाब वाढतो. तो दाब फळीला वरून खाली ढकलतो. फळीखालून हवा वेगाने निसटते, तिथे दाब कमी असतो. या फरकामुळे पुढची चाके रस्त्यावर दाबली जातात. कोपऱ्यांवरील पंखही असेच थोडे खाली दाबतात आणि बाजूने भोवरे सोडतात.

म्हणजे तत्त्व खरे आहे. प्रश्न आहे तो मोजमापाचा.

तीन दाव्यांचा हिशेब

प्रथम रस्त्याला चिकटण्याचा दावा घेऊ. समजा, स्प्लिटरची फळी दीड मीटर रुंद आहे आणि ८ सेंटिमीटर पुढे आली आहे. क्षेत्रफळ झाले ०.१२ चौरस मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाला हवा पूर्ण थांबली, तर दाब दर चौरस मीटरला सुमारे २७२ न्यूटनने वाढतो. गुणाकार केला तर बल येते ३३ न्यूटन, म्हणजे तीन-सव्वातीन किलो वजन. खालच्या बाजूचे शोषण तितकेच धरले, तरी साडेसहा किलो. आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांवर मुळातच सुमारे ६०० किलो भार असतो. त्यात भर पडली एका टक्क्याची! डिकीतल्या भाजीच्या पिशवीएवढा हा परिणाम चालकाला जाणवणे अवघड आहे.

वेग ताशी २०० केला, तर हेच बल सव्वासहा पट म्हणजे सुमारे ४० किलो होते. शर्यतीच्या गाडीत तर पोटाखालचा सगळा भागच हवेला ओढून घेण्यासाठी घडवलेला असतो, त्यामुळे तिथे हे बल कितीतरी मोठे मिळते. असे वेग गाठण्याची जागा वेगळी असते. धुळ्याहून इंदूरकडे जाताना पीथमपूर येथे वाहनचाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान मार्ग आहे. त्याचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. आपल्या महामार्गांवर मात्र २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १०० आहे, आणि राज्ये ती आणखी कमी ठेवू शकतात.

आता हवा कापण्याचा आणि ॲव्हरेजचा दावा एकत्र पाहू. कारखान्यात वायुबोगद्यात घासूनपुसून ठरवलेल्या पट्टीने हवेचा विरोध ५ टक्के घटला असे धरू. ताशी ८० ला एकूण विरोधात हवेचा वाटा ६१ टक्के आहे, म्हणून एकूण बचत ३ टक्के होईल. लिटरला २० किलोमीटर जाणारी गाडी फार तर २०.६ किलोमीटर जाईल. गावातल्या ताशी ४० च्या वेगाला हीच बचत दीड टक्क्याखाली येते. आणि पट्टी अंदाजाने बसवलेली, वाकडी, गरजेपेक्षा खोल असेल, तर विरोध वाढूही शकतो. गाडीचा मूळ आकार, पोटाची उंची, चाकांची जागा यांचा एकमेकांशी मेळ घालून ती घडवावी लागते. दुसऱ्या गाडीची पट्टी आपल्या गाडीला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालण्यासारखे आहे.

याउलट, काहीही न बसवता वेग ताशी १०० वरून ८० केला, तर एकूण विरोध ४१२ न्यूटनवरून ३०६ न्यूटनवर येतो. ही घट जवळजवळ २६ टक्के आहे. इंजिनाच्या कार्यक्षमतेमुळे इंधनात नेमकी तेवढीच बचत होईल असे नाही, पण पट्टीच्या तुलनेत हा उपाय किती मोठा आहे हे दिसून येते.

खान्देशचा उन्हाळा

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रेडिएटरमधील पाणी सुमारे ९० अंशांवर असते. बाहेर २५ अंश असताना दोन्हींत ६५ अंशांचा फरक असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ वर जातो, तेव्हा हा फरक ४५ अंश उरतो. उष्णता वाहून जाण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असल्याने तेवढ्याच हवेत रेडिएटरची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटते. शिवाय तापलेली हवा विरळ असते. नीट आखलेली पट्टी रेडिएटरमागचा दाब कमी करून हवा ओढायला मदतही करते. पण शोभेसाठी लावलेल्या भागाने बंपरमधील खालची जाळी झाकली गेली, तर चढावर गाडी तापणार हे उघड आहे. गतिरोधकावर पट्टी घासणे, तुटलेला तुकडा चाकाखाली येणे हे धोके वेगळेच.

बंपरपुढची लोखंडी नळी

पट्टीचा हिशेब पैशांचा आहे, पण बंपरपुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी क्रॅश गार्डचा हिशेब जिवाचा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी धडकली आणि तिचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला, तर आतल्या माणसांना गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १६ पट मंदन सोसावे लागते. ताठ नळी थेट चॅसिसला जोडल्यामुळे चेपण्याचे अंतर ३० सेंटिमीटरच झाले, तर हाच आकडा ३२ पट होतो. गाडी कमी मोडते, माणूस जास्त मोडतो. धडकेचा धक्का वेगळ्या रीतीने पोचल्याने एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते. पायी चालणाऱ्याला तर मऊ बंपरऐवजी अरुंद लोखंडाचा मार बसतो.

म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग असल्याचे कळवले. कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

वर्गात करून पाहण्यासाठी

पुठ्ठ्याची वीतभर लांबीची मोटार करा आणि ती स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ठेवा. टेबलफॅनची हवा गिरक्या घेत येते. ती सरळ करण्यासाठी शीतपेयाच्या नळ्यांची मोळी जाळीसारखी मध्ये उभी करा. आधी मोटार न ठेवता पंख्यामुळे काट्यावर किती फरक पडतो ते नोंदवा आणि तो पुढच्या नोंदींतून वजा करा. मग मोटार साधी ठेवून, उभी पट्टी लावून आणि आडवी फळी लावून वजन किती बदलते ते पाहा. पट्टीची खोली अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने वाढवून आलेख काढा. पंख्याचा वारा मंद आणि मोटार लहान असल्याने हे आकडे खऱ्या गाडीला लागू होत नाहीत; तुलना करण्यापुरताच त्यांचा उपयोग आहे, हेही मुलांना सांगावे.

नंतर एक गणित द्यावे. रावेर-सावद्याहून केळी घेऊन निघालेल्या ट्रकचे समोरचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर आणि गुणांक ०.८ धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाला त्यावर हवेचा विरोध किती? उत्तर ९८० न्यूटनच्या जवळ येईल. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या मोटारीच्या पाचपट! केबिनच्या टपावर उतरते पान बसवून मागच्या उंच बॉडीवर आदळणारी हवा वळवली, तर फायदा मोटारीपेक्षा ट्रकला अधिक का होतो, हे मग मुलांना स्वतःच सांगता येईल.