विज्ञानशिक्षण, मुलींचे
शालेय विज्ञानाचे अध्यापन, प्रायोगिक कार्य व विषयनिवड यांत मुलींना मुलांच्या बरोबरीने संधी मिळावी, यासाठी केलेली शैक्षणिक व्यवस्था. दोघांना एकच अभ्यासक्रम लावणे, ही तिची पहिली पायरी होय. तथापि एका वर्गात बसूनही दोघांच्या वाट्याला येणारे शिक्षण भिन्न असू शकते. म्हणून वर्गातील व्यवहारही तीत महत्त्वाचा ठरतो.

स्त्रीचे कार्यक्षेत्र घर, या समजुतीमुळे भारतात मुलींसाठी गृहविज्ञान आणि मुलांसाठी भौतिकी व गणित अशी विभागणी दीर्घकाळ रूढ होती. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत (विवाहोत्तर सोहोनी) यांना १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला; आग्रहानंतर तो अटींवर मिळाला. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत भेद असू नये, असे मत हंसा मेहता समितीने मांडले. त्यास कोठारी आयोगाने (१९६४–६६) पाठिंबा दिला. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे, गृहविज्ञान मुलींवर सक्तीचे नसावे आणि या विषयांच्या शिक्षिका तयार कराव्यात, अशा त्याच्या शिफारशी होत्या.

अभ्यासक्रम समान झाला, तरी विषमता सूक्ष्म रूपाने टिकते. प्रयोगाच्या वेळी मुलगे उपकरणे हाताळतात व मुली निरीक्षणे नोंदवितात, पाठ्यपुस्तकातील शास्त्रज्ञ बहुधा पुरुष असतो. अशा प्रतिमांचा प्रभाव डेव्हिड चेंबर्स यांच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आला : ४,८०७ मुलांनी काढलेल्या शास्त्रज्ञाच्या चित्रांपैकी केवळ २८ स्त्रियांची होती आणि ती सर्व मुलींनीच काढलेली होती. अमेरिकेतील नंतरच्या अशा अभ्यासांत हे प्रमाण सरासरीने सु. २८ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. म्हणजे ही प्रतिमा बदलू शकते.

उपायांमध्ये प्रयोगगटातील कामे आळीपाळीने देणे, प्रश्न दोघांनाही सारखेच विचारणे, पाठ्यपुस्तकांत स्त्री-शास्त्रज्ञांच्या कार्याचा समावेश करणे इ. गोष्टी येतात. ग्रामीण भागात विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय दूर असल्यास प्रवासाची सोय व वसतिगृह यांवरच मुलीची शाखानिवड अवलंबून राहते. नववी ते बारावीच्या विद्यार्थिनींसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये ‘विज्ञान ज्योती’ हा कार्यक्रम सुरू केला. मँचेस्टर येथे १९७९ पासून राबविलेल्या अशाच एका प्रकल्पात मुलींचे दृष्टिकोन बदलले. विषयनिवडीत मात्र अल्पच फरक पडला. यावरून असे उपक्रम नैमित्तिक न ठेवता दैनंदिन अध्यापनाचा भाग करणे आवश्यक ठरते.