सिराक्यूजची अरेथुसा

सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक नगरात इ. स. पू. ४०० च्या सुमारास पाडलेल्या चांदीच्या नाण्यांना तोड नाही. किमोन आणि युएनेटोस हे तिथले नामांकित साचेकार. साचा उलटा कोरायचा, तोही हाताने, जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या वर्तुळात. मग चांदीची चकती दोन साच्यांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घालायचा. म्हणूनच कुठे कड फाटलेली, तर कुठे चित्र एका बाजूला सरकलेले दिसते.

किमोनच्या चार द्राख्मांच्या नाण्याचे वजन सुमारे १७ ग्रॅम. त्यावर अरेथुसा ही झऱ्याची देवता थेट आपल्याकडे पाहते. मान किंचित कललेली, केस पाण्यात तरंगावेत तसे मोकळे आणि बटांमधून सुळकन निघालेले डॉल्फिन. तिच्या कपाळपट्टीवर बारीक अक्षरांत किमोनने चक्क स्वतःचे नाव कोरले आहे! समोरून चेहरा दाखवणे हे धाडसच, कारण हाताळणीत उंचवट्यावरचे नाक आधी झिजते. चलन म्हणून हा शहाणपणा नव्हे. कला म्हणून मात्र याहून सरस ग्रीक नाणे मला तरी दिसत नाही. पुढे थेसलीतल्या लारिसा नगराने आपल्या नाण्यांवरच्या चेहऱ्यासाठी हाच नमुना उचलला.