न पडलेले प्लॉट

अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी जंगलातल्या कॅम्पग्राउंडचा नकाशा काढून बघा. एकेरी वाहतुकीचा गोल रस्ता, त्याला तिरके फुटलेले गाडी उभी करायचे फाटे, प्रत्येक फाट्याशी एक जड टेबल, एक दगडी नाहीतर लोखंडी चूल आणि तंबूपुरती सपाट जागा. कॅलिफोर्निया असो की मिनेसोटा, आराखडा बहुतेक तोच. हा आराखडा कुणाच्या डोक्यातून निघाला, हे कुतूहल मला फार वर्षांपासून आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता मी कोलोरॅडोतल्या एका तळ्यापाशी जाऊन पोचलो आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. कारण त्या तळ्यावर आराखडा काढायला गेलेल्या माणसाने, इथे काही बांधूच नका, असा अहवाल दिला होता.

तळ्याचं नाव ट्रॅपर्स लेक. कोलोरॅडोच्या वायव्य भागात फ्लॅट टॉप्स नावाचं डोंगरी पठार आहे, त्याच्या कुशीत साडेनऊ हजार फुटांहून अधिक उंचीवर ते आहे. विस्तार ३०० एकरांच्या आसपास. राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं नैसर्गिक तळं म्हणून ते ओळखलं जातं. व्हाइट रिव्हरचा उत्तरेकडचा फाटा इथूनच निघतो. तिन्ही बाजूंना लाव्हाचे थरावर थर चढलेले सपाट माथ्याचे कडे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे कडे अनोळखी वाटणार नाहीत, मात्र त्यांच्या पायथ्याशी रान आहे ते स्प्रूस आणि फरचं.

हा सगळा मुलूख यूट लोकांचा. १८७९ मध्ये व्हाइट रिव्हर एजन्सीवर उठाव झाला, सरकारी एजंट नेथन मीकर मारला गेला, आणि दोनच वर्षांत इथल्या यूटांना हुसकून यूटाहमध्ये पाठवण्यात आलं. पुढच्या दहा वर्षांत, १८९१ च्या ऑक्टोबरात, हे पठार सरकारने राखीव जंगल म्हणून जाहीर केलं. ‘निर्मनुष्य रान’ असं या प्रदेशाचं वर्णन पुढे ज्या उत्साहाने झालं, ते वाचताना या तारखा मनात ठेवलेल्या बऱ्या. रान निर्मनुष्य नव्हतं, ते केलं गेलं होतं.

आता १९१५ च्या कायद्याकडे. राष्ट्रीय वनांमधली ५ एकरांपर्यंतची जागा ३० वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने उन्हाळी घरांसाठी आणि हॉटेलांसाठी देण्याची मुभा अमेरिकी संसदेने या कायद्याने दिली. मोटारी स्वस्त होत होत्या, शहरातली माणसं डोंगराकडे धावत होती. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचं स्वतंत्र खातं निघालं आणि त्याचा प्रमुख स्टीफन मॅथर पर्यटकांना आपल्याकडे ओढू लागला. वनखात्याला हे जड जात होतं. लाकूड आणि चराई एवढंच आपलं काम नाही, लोकांची करमणूकही आपण सांभाळतो, हे त्यांना दाखवायचं होतं. मग १९१९ मध्ये डेन्व्हरच्या विभागीय कचेरीत एका तरुणाची नेमणूक झाली. हुद्दा ‘रिक्रिएशन इंजिनिअर’.

हा तरुण म्हणजे आर्थर कारहार्ट. जन्म १८९२, आयोवातल्या मेपलटन गावचा. शिक्षण लँडस्केप आर्किटेक्चरचं, तेही आयोवा स्टेट कॉलेजातलं. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या आरोग्यविभागात नोकरी करून तो नुकताच सुटला होता. वनखात्यातले जुने अधिकारी असल्या बागवाल्या पदवीकडे संशयाने बघत, पण वरिष्ठ कार्ल स्टाल त्याच्या पाठीशी राहिला. पहिल्याच उन्हाळ्यात कारहार्टला काम मिळालं ते असं: ट्रॅपर्स लेकवर जायचं, मोजणी करायची, तळ्याभोवती रस्त्याची आखणी करायची आणि काठावर काही शे उन्हाळी घरांचे प्लॉट पाडायचे.

तो गेला. तळ्याजवळ स्कॉट टीग नावाच्या वाटाड्याचा तळ होता, शिकारी आणि मासेमारीला येणारी मंडळी तिथे उतरत. कारहार्टही तिथेच राहिला. दिवसभर मोजणी, संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी गप्पा. त्या वेळी टीगकडे दोन धनिक पाहुणे होते. एक विल्यम मॅकफॅडन, ओक्लाहोमाच्या तेलात पैसा केलेला. दुसरा पॉल रेनी. हा रेनी मला फार गुंतवून ठेवतो. कोळशाच्या धंद्यातल्या श्रीमंत घराण्याचा वारस, जगभर शिकार करत हिंडलेला. मिसिसिपीतले अस्वलांमागे धावायला शिकवलेले कुत्रे त्याने आफ्रिकेत सिंहांवर सोडले, आणि त्या मोहिमेचा सिनेमा १९१२ मध्ये अमेरिकेत गर्दी खेचत होता. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेकडे जाणाऱ्या बोटीवर तो वारला, त्याचं दफन समुद्रातच झालं. एवढ्या जनावरांवर बंदूक चालवलेल्या या माणसाने आणि त्याच्या सोबत्याने मोजणीवाल्या पोराला रात्री समोर बसवून फैलावर घेतलं. इथे रस्ता आणलात, घरं बांधलीत, तर ज्यासाठी माणूस इथवर येतो तेच शिल्लक राहणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं.

ही हकिकत सांगणारे बहुतेक लेखक इथे थांबतात आणि धनिकांच्या बोलण्याने कारहार्टचे डोळे उघडले असं लिहितात. मला ते अर्धवट वाटतं. मॅकफॅडन आणि रेनीला तळं हवं होतं ते वाटाडे आणि घोडे भाड्याने घेण्याची ऐपत असलेल्यांसाठी. कारहार्टने त्यांची भीती उचलली, पण तिच्यातून स्वतःचा निष्कर्ष काढला. मोजणीचं काम त्याने अर्धवट टाकलं नाही. नकाशा पुरा केला, तो घेऊन डेन्व्हरला परतला आणि स्टालला सांगितलं की या नकाशाप्रमाणे काहीही होऊ नये. सरकारी नोकरीत पहिल्या वर्षाला असलेल्या माणसाने दिलेल्या कामाविरुद्ध असा सल्ला द्यावा आणि वरिष्ठाने तो ऐकून घ्यावा, हे आपल्याकडेच काय, तिकडेही रोज घडत नाही. प्लॉट पडले नाहीत. तळ्याभोवतीचा रस्ताही झाला नाही.

त्याने नेमकं काय म्हटलं होतं, हे एका कागदामुळे कळतं. न्यू मेक्सिकोत आल्बुकर्कीच्या विभागात आल्डो लिओपोल्ड नावाचा वनाधिकारी होता. पुढे तो जगप्रसिद्ध झाला. त्या वेळी तोही रस्त्यांच्या जाळ्यात सापडू न देण्याजोग्या मोठ्या रानाचा विचार करत होता. १९१९ च्या डिसेंबरात तो डेन्व्हरला आला, कारहार्टबरोबर बराच वेळ बोलला आणि जाताना म्हणाला की हे सगळं लिहून पाठवा. कारहार्टने १० डिसेंबर १९१९ या तारखेचं टिपण लिहून त्याच्याकडे धाडलं.

टिपण लहान आहे, भाषा कचेरीची आहे. माणसाने करायच्या सुधारणा कुठवर नेऊ द्यायच्या, आणि अशी एखादी रेघ आहे का की जिच्यापलीकडे पायवाट आणि पाटी सोडून काहीच नको, हा त्याचा पहिला प्रश्न. मग तो हिशेब मांडतो. जगातली तळी मोजकी आहेत, तळ्यांचे काठ मोजके आहेत, डोंगरही मोजके आहेत; एकदा बांधलं की ते पुन्हा मोकळं होत नाही. यापुढचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तळ्यांचे आणि ओढ्यांचे काठ एकेकट्या माणसाला न देता समूहासाठी राखावेत, कारण काठ एकदा कुणाच्या मालकीत अडकला की बाकीच्यांचा मार्ग बंद होतो. पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी तंबूत राहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

पुढे श्रेयाचा वाद पेटला. लिओपोल्डच्या पुढाकाराने जून १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतलं हीलाचं रान देशातलं पहिलं संरक्षित ‘वाइल्डरनेस’ क्षेत्र ठरलं आणि इतिहासाने मान त्याला दिला. १९७२ मध्ये डोनाल्ड बाल्डविनने ‘द क्वाएट रेव्होल्यूशन’ हे पुस्तक लिहून कारहार्टची बाजू लावून धरली. स्वतः कारहार्टलाही आपल्याला डावललं गेल्याची खंत होती. मला या वादात कुणा एकाला गादीवर बसवायचं नाही. दोघांचे विचार मुळातच वेगळे होते. लिओपोल्डच्या मनात होतं घोड्यावर सामान लादून दोन आठवडे हिंडता येईल एवढं अफाट रान. कारहार्टच्या मनात होता काठ, आणि त्या काठावर आळीपाळीने येणारी सामान्य माणसं.

याचा पुरावा ट्रॅपर्स लेकपासून दूर, दक्षिण कोलोरॅडोत सापडतो. त्याच सुमारास कारहार्ट सान इसाबेल राष्ट्रीय वनात स्क्विरल क्रीकच्या काठी मोटारवाल्यांसाठी कॅम्पग्राउंड आखत होता. जवळचं शहर प्वेब्लो, पोलादाच्या कारखान्याचं. कामगार, कारकून, दुकानदार सुट्टीच्या दिवशी गाडीत बायकामुलं घालून जाऊ शकतील अशी जागा त्याला हवी होती. चुली, टेबलं, शौचकूप, ओढ्याकाठची पायवाट. खात्याकडे पैसे नव्हते, म्हणून प्वेब्लोकरांनी संस्था काढली आणि वर्गणी जमवली. आखून बांधलेल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या कॅम्पग्राउंडांपैकी हे एक. वाइल्डरनेसचे अभ्यासक या कामाचा उल्लेख घाईघाईने उरकतात, कॅम्पिंगचा इतिहास लिहिणारे ट्रॅपर्स लेकला दोन ओळी देतात. ही कामं वेगळी नाहीत. एका ठिकाणी हजारो माणसांची नीट सोय केली, तरच दुसऱ्या ठिकाणी नाही म्हणण्याचा अधिकार पोचतो, हे कारहार्टला कळलं होतं. तंबू चार दिवसांनी निघतो आणि जागा पुढच्याला मिळते. घर निघत नाही.

त्याचं खातं मात्र त्याला पुरेसा पैसा देऊ शकलं नाही. उद्यानखात्याचा मॅथर तर करमणूक हे वनखात्याचं काम नव्हेच म्हणत होता. १९२२ च्या अखेरीस कारहार्टने राजीनामा दिला. नंतर त्याने खाजगी व्यवसाय केला, कथा-कादंबऱ्या लिहिल्या, जंगलांवर पुस्तकं लिहिली. १९७८ मध्ये तो वारला. त्याची कागदपत्रं डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत.

आणि तो गोल रस्ता, ते तिरके फाटे? ते माइनेकेचे. एमिलिओ माइनेके हा झाडांच्या रोगांचा शास्त्रज्ञ, सान फ्रान्सिस्कोत सरकारी नोकरीत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याला कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या उद्यानांची तपासणी करायला सांगितलं गेलं. ज्या झाडांनी हजार-हजार वर्षं काढली ती पर्यटक वाढल्यावर का खंगू लागली? त्याला कीड सापडली नाही. सापडली ती माती. पाय आणि चाकं एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा गेली की माती घट्ट दाबली जाते, तिच्यातली हवेची पोकळी नाहीशी होते, पावसाचं पाणी मुरत नाही आणि वरवर पसरलेली बारीक मुळं मरतात. झाड लगेच वाळत नाही. आधी शेंड्याकडे विरळ होतं, आणि माणसाच्या लक्षात येईपर्यंत काही वर्षं गेलेली असतात.

१९३२ मध्ये त्याने कॅम्पग्राउंडच्या धोरणावर एक पुस्तिका लिहिली. उपाय साधा होता. माणसांना थांबवू नका, त्यांची चाल ठरवून द्या. रस्ता एकेरी केला तर तो अरुंद चालतो. फाटा तिरका काढला तर गाडी सहज आत शिरते, वळवायला मुळं तुडवावी लागत नाहीत. टेबल आणि चूल जागची हलणार नाहीत अशी बसवली की कुटुंब त्यांच्याभोवतीच वावरतं, आणि तुडवली जाते ती तेवढीच जमीन. फाट्याच्या कडेला मोठे धोंडे किंवा ओंडके रोवले की गाडी झाडाखाली घुसत नाही. पुढच्या वर्षी रूझवेल्टने बेकार तरुणांची ‘सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर’ उभी केली. तिच्या मुलांनी १९४२ पर्यंत देशभर कॅम्पग्राउंडं बांधली ती बहुतांशी याच पद्धतीने. कारहार्टने काठ मालकीपासून वाचवला. काठावर येणाऱ्यांच्या पायांपासून रान कसं वाचवायचं, हे माइनेकेने दाखवलं. त्याचं नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ट्रॅपर्स लेक पुढे कसं राहिलं? १९३९ च्या वादळात पठारावरची असंख्य झाडं आडवी झाली. पडलेल्या लाकडात भुंगेऱ्यांची पैदास झाली, आणि १९४० च्या दशकात त्यांनी उभा स्प्रूस प्रचंड प्रमाणावर मारला. वाळलेले करडे सोट अनेक दशकं तसेच उभे होते. १९६४ मध्ये वाइल्डरनेसचा कायदा झाला, १९७५ मध्ये फ्लॅट टॉप्सला त्याचं संरक्षण मिळालं. २००२ च्या उन्हाळ्यात विजेने पेट घेतलेली बिग फिश आग ऑगस्टमध्ये भडकली. तळ्याभोवतीचं रान जळालं, जवळचं जुनं लॉजही गेलं. काठावर काही शे घरं असती तर ती आग विझवण्यावर किती माणसं आणि किती पैसा लागला असता, याचा विचार करून बघावा. घरं नव्हती. जळालेल्या जागी आता नवी झाडं उगवताहेत.

डेन्व्हर-बोल्डरच्या बाजूला आज पुष्कळ मराठी घरं आहेत, तुमचंही कुणी तिकडे असेल. गेलात तर एक उन्हाळी रात्र तिथे काढा. तळ्याच्या अलीकडे सरकारी कॅम्पग्राउंडं आहेत, बक्स, कटथ्रोट, शेफर्ड्स रिम आणि आणखी दोन. शेवटचा रस्ता खडीचा आहे, हिवाळ्यात बर्फाने बंद असतो. जुलैतही रात्री कडाक्याची थंडी पडते, जाड पांघरूण न्या. पाण्याला लागून तंबू ठोकता येत नाही, मोटरबोटीला मनाई आहे. जळक्या झाडांखाली तंबू लावू नका, ती वाऱ्याने कोसळतात. आणि गाडीच्या फाट्याशी रोवलेले धोंडे हलवू नका.