एकटी, बाईक आणि एक तंबू

‘एकटी?’ ‘बाईकवर?’ ‘आणि रात्री चक्क तंबूत??’

सोमवारी ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये हे तीन प्रश्न हमखास येतात, आणि याच क्रमाने. पहिल्यात कौतुक असतं, दुसऱ्यात थोडा हेवा. तिसऱ्यात मात्र भीती असते. पहिल्या दोन प्रश्नांवर हसून वेळ मारून नेता येते, पण तिसऱ्याला ‘छे गं, मस्त असतं’ एवढंच उत्तर पुरत नाही. कारण ती भीती खोटी नाही. गेली सहा वर्षं मी पुण्याहून साडेतीनशे सीसीची बाईक काढून सह्याद्रीत आणि कोकणात एकटी फिरतेय. त्यात बऱ्याच रात्री उघड्यावर, तंबूत काढल्यात. माझ्यामागून निघू पाहणाऱ्या मुलींसाठी हा सगळा हिशेब.

हे खूळ काही आजचं नाही. ॲन-फ्रान्स दोतव्हिल ही फ्रेंच लेखिका १९७३ मध्ये १२५ सीसीच्या कावासाकीवर एकटी जगप्रवासाला निघाली होती. १९८२ मध्ये एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची तेवीस वर्षांची आर्किटेक्चरची विद्यार्थिनी जुनी बीएमडब्ल्यू घेऊन निघाली, ती दोन वर्षांनी जग फिरून परतली. तेव्हा ना जीपीएस होतं, ना मोबाइल. त्यामानाने आपण म्हणजे जाम लाडावलेल्या!

लपायचं की सांगायचं?

परदेशी बाईकर मुलींचा कॅम्पिंगचा फण्डा एकच. कुणाला दिसू नका. रस्त्यापासून आत जा, अंधार पडता पडता तंबू लावा, पहाटे आवरून निघा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर तंबू टाकायला परवानगी आहे, तिथे मैलोन्मैल माणूस नसतो. तिथे हे जमतं.

आपल्याकडे? अहो, ज्या माळावर चिटपाखरू नाही असं वाटतं तिथेच पाच मिनिटांत एखादा गुराखी काठी टेकवून उभा असतो. ‘कुठनं आलाव?’ अर्ध्या तासात वाडीभर बातमी. आणि खरा धोका असतो तो या अर्धवट बातमीचा. म्हणजे एक पोरगी एकटी तिकडे आहे हे चार टाळक्यांना कळलंय, पण ती कुणाची पाहुणी नाही, तिच्याबद्दल कुणी जबाबदार नाही.

१ मार्च २०२४ ला झारखंडच्या दुमका जिल्ह्यात जे झालं ते विसरता येत नाही. बाईकवरून जगभर फिरणारं एक परदेशी जोडपं रात्री निर्जन जागी तंबूत थांबलं होतं. तिथे त्या बाईवर सामूहिक बलात्कार झाला. नवरा सोबत होता. म्हणजे ‘कुणीतरी पुरुष बरोबर ने’ हा घरोघरचा सल्लाही पुरत नाही. दोष संपूर्णपणे त्या गुन्हेगारांचा, तंबूचा नाही आणि तिचा तर नाहीच. पण आपण शिकायचं ते शिकायलाच हवं.

माझा नियम साधा आहे. एकतर कुणालाच माहीत नको, नाहीतर सगळ्यांना माहीत हवं. महाराष्ट्रात पहिलं जवळपास अशक्य, म्हणून मी दुसरं करते. दिवस असतानाच गावात जाते. आधी दुकानात चहा, मग पोलीस पाटील किंवा सरपंचांचं घर. आणि बोलायचं ते घरातल्या बाईशी. गुहागरच्या पुढे एका वाडीत एका काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘एकटीच गो तू?’ ‘हो काकू.’ ‘आईस ठावं हाय?’ ‘हो, रात्री फोन करायचाय तिला.’ एवढ्यावर त्यांच्या आंब्याच्या कलमांत माझा तंबू लागला. रात्री नऊला त्या कंदील घेऊन बघायला आल्या, वर तांदळाची भाकरी. त्या रात्री मी त्या वाडीची पाहुणी होते, आणि वाडी आपल्या पाहुणीवर लक्ष ठेवून असते. असं कुंपण बाजारात मिळत नाही.

कुणी म्हणेल, मग यात ‘वाइल्ड’ काय राहिलं? माझ्यापुरतं उत्तर असं : आकाश तेच, तारे तेच, फक्त हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर माणसं.

आणि ही जागा कुणाची तरी असतेच, हेही लक्षात ठेवा. खासगी, गायरान नाहीतर वनखात्याची. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आहेत, तिथे परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात उसाच्या कडेला तंबू नको, बिबटे उसातच राहतात. नदीच्या कोरड्या पात्रात आणि धरणाखाली तर अजिबातच नको. पाणी सोडताना ते तुम्हाला विचारून सोडत नाहीत.

पाऊणपटीचं गणित

सागरी मार्गाने निघालात तर दिघीपासून जयगडपर्यंत बाईकसकट फेरीबोटीत बसायची धम्माल आहेच, पण किनाऱ्यावर झोपायचं तर भरती कळायला हवी. कोळ्यांचं गणित कुठल्याही ॲपपेक्षा पाठ करायला सोपं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे साधारण सहाला भरती, आणि पुढची बारा-साडेबारा तासांनी. संकष्टीच्या रात्री वाळूवर खाली तंबू टाकलात, तर पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास समुद्र भेटायला येणार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. म्हणून तंबू सुरूच्या बनाकडे, वर. वेळास-आंजर्ल्याला कासवांच्या विणीच्या दिवसांत किनाऱ्यावर तंबू आणि टॉर्च दोन्ही नकोत, गावात घरगुती सोय होते.

बिनबुलाये मेहमान

मला विचाराल तर वाघापेक्षा मण्यारीला घाबरा. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बरेचदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून नुसती चादर टाकून चांदण्यात झोपायचा रोमॅण्टिकपणा नको. शिवलेल्या तळाचा तंबू घ्या आणि चेन कायम बंद ठेवा. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. हालचाल कमीत कमी, आणि प्रतिविष असलेलं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. ते कुठे आहे हे मुक्कामाआधीच विचारून ठेवायचं.

बूट सकाळी झटकूनच घाला. कोकणातला लाल विंचू साधा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ करण्याआधी या विंचवाने अनेकांचे जीव घेतलेत. आणि थंडी वाजली म्हणून स्टोव्ह तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आईची परवानगी

आमच्या घरी सगळ्यात मोठी घाटी हीच! वाद घालून ती चढता आली नाही, शेवटी चढले ती कराराने. निघण्याआधी आईला मुक्कामाच्या दोन जागा लिहून देते. एक ठरलेली आणि एक पर्यायी. रात्री नऊला फोन. रेंज नसेल तर शेवटच्या रेंजमधून मेसेज, आणि सकाळी दहापर्यंत माझा आवाज ऐकू आला नाही तर तिने काय करायचं तेही लिहिलेलं असतं. कुणाला, कोणत्या पोलीस ठाण्याला फोन करायचा, सगळं. तेव्हापासून तिच्या काळजीला कामाला लागायला काहीतरी मिळालं, आणि माझ्या प्रवासाला एक भक्कम मागची बाजू.

सॅटेलाइटवर चालणारं उपकरण परदेशातून मागवायचा विचार असेल तर थांबा. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे.

तंबू ठोकण्याआधी

• सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. उशीर झाला तर सरळ लॉज. रात्री जागा शोधायची नाही.

• तंबू मातकट किंवा हिरवा. बाईक तंबूच्या दारासमोर, तोंड रस्त्याकडे. साइड-स्टॅण्डखाली चपटा दगड, म्हणजे मऊ मातीत गाडी आडवी होत नाही.

• किल्ली, टॉर्च, शिट्टी आणि फोन रोज एकाच जागी, अंधारात हाताला लागतील असे.

• टाकी आदल्या गावातच फुल्ल.

• वाटेत कुणी खोदून विचारलं तर ‘मागून दोघं येतायत’. खोटं बोलण्याचं पाप मी घेते.

• फोटो टाका, पण जागा सोडल्यावर.

• पोट सांगतंय ‘इथे नको’, तर कारण शोधत बसू नका. गाडी काढा.

• मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. काही वाईट झालंच तर हद्दीचा वाद न घालता कुठल्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. जुलै २०२४ पासून ते कायद्यातच आहे.

• सॅनिटरी पॅडसकट सगळा कचरा परत. खड्डा वीतभर खोल, पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब.

पहिली रात्र एकदम रानात काढू नका. पवना किंवा भंडारदऱ्याच्या पैसे देऊन राहायच्या कॅम्पसाइटवर तंबूत झोपून बघा. दिवाळीनंतरचे दिवस त्याला बेस्ट. मग एखादी ओळखीची वाडी, मग अनोळखी.

एवढी उस्तवार करून काय मिळतं? पहाटे पाचला तंबूची चेन उघडावी, समोर धुक्यात दरी असावी, आणि ‘चला’ म्हणणारं कुणी नसावं. दिवसाचे सगळे रस्ते आपल्यासाठी आता खुले आहेत, नोकरीचे, शिक्षणाचे, बाईकचेसुद्धा. रात्र मात्र अजून आपण उसनी घेतो, ‘साडेनऊपर्यंत घरी ये’ या अटीवर. ती एक अख्खी रात्र, स्वतःच्या अटींवर, सुखरूप काढायची. बाकी लाँग रायडिंगचे फायदे तुमच्या ऑफिसमधले बाईकर मित्र सांगतीलच, न विचारता!