ट्रकचे इंजिन होडीत बसवताना

गेल्या वर्षी ऐन सबमिशनच्या धामधुमीत हर्णैहून काकांचा फोन आला. होडीच्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक तडकला होता आणि त्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालेलं. नवीन मरीन इंजिनाची किंमत ऐकूनच काका गप्प बसले होते. मग त्यांनी ट्रकचं एक ओव्हरहॉल केलेलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बघून ठेवलं. ११० हॉर्सपॉवर, २४०० आरपीएम. "पावसाळी बंदी उठायच्या आत बसलं पाहिजे. तू मेकॅनिकलला आहेस ना? मग बघ," एवढं बोलून फोन ठेवला. होडीवर तांडेल धरून सात माणसं, आणि पतपेढीचे हप्ते चालूच.

सुट्टीत मी अंबड एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला होतो. मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाशकात राहून समुद्राचं काम? संध्याकाळी सहानंतर लेथ मोकळा असतो, कर काय करायचंय ते."

आधी मलाही वाटलं होतं की इंजिन ते इंजिन. ट्रक ओढतं ते होडी का नाही ढकलणार? आणि ते अगदीच चूक नाही. अशोक लेलँड ट्रकच्या इंजिनांच्या कुळातलीच मरीन इंजिनं विकते. स्वीडनची व्होल्व्हो पेंटासुद्धा तेच करते. ब्लॉक, क्रँक, पिस्टन बहुतेक तेच असतात. फरक असतो तो इंजिनाच्या आजूबाजूला.

पहिला प्रश्न थंड ठेवण्याचा. ट्रकला रेडिएटर आणि समोरून वारा. होडीत इंजिन बंद खणात, वारा कुठला? थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला आपण शिकतो की डिझेलच्या उष्णतेचा ढोबळ एक तृतीयांश भाग शाफ्टला मिळतो, साधारण तेवढाच सायलेन्सरवाटे जातो आणि उरलेला मुख्यतः कूलिंगच्या पाण्यात. ११० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ८० किलोवॅट, म्हणजे पाण्यातही साधारण तेवढीच उष्णता. समुद्राचं पाणी १० अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर सेकंदाला २ लिटर, मिनिटाला १२० लिटर पाणी फिरवावं लागतं. हे पाणी सरळ ब्लॉकमध्ये सोडलं तर क्षार आत साचतात आणि बिडाला गंज खातो. म्हणून हीट एक्स्चेंजर. आत नेहमीचं कूलंट, ते इंजिनात गोल फिरतं. क्युप्रोनिकेलच्या नळ्यांमधून समुद्राचं पाणी जातं आणि बाहेर पडतं. शिवाय जस्ताचा एक तुकडा लावायचा, म्हणजे गंज आधी त्याला खातो आणि बाकीचं वाचतं. त्या एक्स्चेंजरची गनमेटलची झाकणं मी अंबडला टर्न केली. पहिली दोन वाया गेली, ते असो.

एक्झॉस्टचंही तसंच. पूर्ण लोडवर मॅनिफोल्ड पाचशे अंशांच्या घरात जातो. ट्रकमध्ये तो उघड्यावर असतो, इथे हातभर अंतरावर लाकूड आणि डिझेलची टाकी. त्यामुळे मॅनिफोल्डभोवती पाण्याचं जॅकेट लागतं. आणखी एक बारीक गोष्ट. होडीत शाफ्ट मागे उतरता असतो, म्हणून इंजिनही मागे कललेलं बसतं. संपमधला तेल ओढणारा पाइप चुकीच्या टोकाला असेल तर तो तेलाऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. हे आधीच तपासलेलं बरं.

ट्रकचा गिअरबॉक्स मात्र घ्यायचा नाही. पंखा पाण्याला मागे ढकलतो, तेव्हा पाणी पंख्याला पुढे ढकलतं. तोच धक्का शाफ्टवाटे होडीला मिळतो. हा धक्का तासन्‌तास सोसायला थ्रस्ट बेअरिंग लागतं, ते मरीन गिअरमध्ये असतं, ट्रकच्या गिअरबॉक्सचं ते कामच नाही. काकांच्या होडीत जुना ३:१ चा मरीन गिअर चांगल्या स्थितीत होता. तो नव्या इंजिनाला जोडायची अडॅप्टर प्लेटही अंबडलाच झाली.

जुलैत सगळं बसलं. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं, बंदरावर टाळ्या पडल्या. खाडीत ट्रायल घेतली आणि माझं तोंड उतरलं. थ्रॉटल पूर्ण उघडला तरी काटा १७५० च्या पुढे जाईना. काळाकुट्ट धूर, आणि एक्झॉस्टचा पाइप बघवेना असा तापलेला.

चूक माझीच होती. कूलिंगच्या नादात पंख्याचं गणित मी केलंच नव्हतं. पंख्याला लागणारी पॉवर आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे अर्धे केले तर पॉवर एक अष्टमांश लागते, आणि वाढवले तर तशीच झपाट्याने चढते. जुनं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, १५०० आरपीएमचं. ३:१ गिअरमुळे पंखा ५०० ने फिरायचा. नवीन इंजिन २४०० ला गेलं तर तोच पंखा ८०० ने फिरणार, म्हणजे १.६ पट. १.६ चा घन ४.१. म्हणजे पंखा २४५ हॉर्सपॉवर मागणार! ११० चं इंजिन ती कुठून देणार? १७५० ला पंख्याची मागणी ९५ होते आणि तिथेच इंजिन अडकतं. ट्रक कसारा घाटात असा अडकला तर ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो. होडीला पुढे जायला एकच गिअर. ती जन्मभर टॉप गिअरमध्ये घाट चढत असते म्हणा ना. असं दोन-तीन महिने चाललं असतं तर पिस्टन गेले असते, आणि तेही कुठे गेले असते कोणास ठाऊक.

त्या रात्री काका काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. सकाळी वहीत मांडून दाखवलं. जुना गिअर देऊन वर पैसे भरून ४:१ चा घेतला, तर २४०० ला पंखा ६०० ने फिरेल. १.२ चा घन १.७३, म्हणजे सुमारे १०४ हॉर्सपॉवर. झेपतं. आणि २००० ला पंखा बरोबर जुन्या ५०० वर, ६० हॉर्सपॉवरला. ११० मधले ६०, म्हणजे इंजिन दिवसभर आरामात चालेल. पंख्याचा पिच कमी करणं स्वस्त पडलं असतं, पण जाळं ओढायला मोठा, सावकाश फिरणारा पंखाच चांगला. काकांनी वही दोनदा वाचली आणि मावशीकडून पैसे आणले.

दुसऱ्या ट्रायलला काटा २३५० ला टेकला. धूर पांढुरका, मग तोही दिसेना.

हॉस्टेलवर हे सांगितल्यापासून दोघांनी विचारलंय की जुन्या मारुतीचं पेट्रोल इंजिन बोटीत टाकलं तर? बंद खणात टाकू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचून राहते. कारचा स्टार्टर, अल्टरनेटर ठिणगी बाहेर जाऊ न देण्यासाठी बनवलेले नसतात. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज ६ ट्रकचं इंजिन घ्यायचं तर ईसीयूला चाकांचा वेग, एक्झॉस्टचे सेन्सर असं सगळं हवं असतं. ते न मिळाल्यास तो स्वतःहून पॉवर कमी करतो. भर समुद्रात हे कोणाला परवडणार? म्हणूनच काकांनी साध्या मेकॅनिकल पंपाचं जुनं इंजिन निवडलं होतं. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं!

ऑगस्टमध्ये होडी सुटली. काका २००० च्या वर काटा जाऊ देत नाहीत आणि दर तासाला बाजूच्या नळीतून पाणी पडतंय ना ते वाकून बघतात. अंबडच्या वर्कशॉपला त्यांनी सोड्यांची मोठी पिशवी पाठवली. ती आमच्या रूमवर एक रात्र होती. रेक्टर सरांनी वासाची चौकशी केली, तेव्हा मी अभ्यास करत होतो.