टनाच्या भावापलीकडे

साखर कारखाना नीट चालला की नाही, याचा निवाडा मराठवाड्यात अनेक वर्षे एकाच प्रश्नावर होत आला : टनाला किती दिले? घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीचा 'सागर' कारखाना हे अंकुशनगरच्या 'समर्थ'चे दुसरे युनिट. भोवताली जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा पट्टा. इथेही शेजारच्या कारखान्याचा भाव विचारूनच ऊस कुठे घालायचा ते ठरते.

हा मापदंड आपोआप रुजला नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने किमान दर आणला. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज, अशी शिस्तही त्यातच आहे. सहकारी कारखाने मात्र त्या दरावर थांबले नाहीत. नफा दाखवण्याऐवजी तो उसाच्या दरातूनच सभासदाला द्यायचा, ही रीत पडली. आयकर खात्याने विचारले, हा खर्च की नफ्याचे वाटप? वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2019 मध्ये न्यायालयाने जादा दरातला नफ्याचा भाग वेगळा काढून तपासायला सांगितले. अखेर 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने आकारणी वर्ष 2016-17 पूर्वीची देणी खर्च धरण्याची मुभा दिली. भाव चांगला दिला म्हणजे कारभार चांगला, हे समीकरण इतकी वर्षे हिशेबाच्या वह्यांतच मुरलेले होते.

त्यात एक खोट होती. भाव कर्ज काढूनही देता येतो. साखरेच्या पोत्यांवर मालतारण उचल घ्यायची, त्यातून उसाचे पैसे भागवायचे आणि व्याज पुढच्या हंगामावर ढकलायचे, हे चक्र महाराष्ट्रभर फिरले. 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेने कारखान्यांना कर्ज पुरवणाऱ्या राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि तिथे प्रशासक बसले. कर्ज देणाऱ्याचाच हिशेब तपासला जाऊ लागला. 2009 मध्ये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, आली होतीच. पुढे रंगराजन समितीच्या शिफारशींवरून राज्याने 2013 मध्ये महसूल वाटपाचा कायदा केला : साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातील 70 टक्के उसाला.

तरीही दोन टोके जुळली नाहीत. 2018-19 मध्ये 10 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 2,750 रुपये एफआरपी होती. 2025-26 मध्ये ती 10.25 टक्क्यांना 3,550 झाली. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी 2019 पासून 2025 पर्यंत क्विंटलला 3,100 वरच राहिली. डिसेंबर 2023 मध्ये रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक निर्बंध आले आणि हंगामापूर्वीची गणिते पुन्हा मांडावी लागली.

सर्वसाधारण सभेत मंजूर झालेले अंदाजपत्रक अशा वेळी काय कामाचे? गाळप, उतारा, विक्रीदर हे त्याचे तिन्ही खांब पाऊस आणि दिल्ली यांच्या हाती. 2015-16 च्या दुष्काळात गव्हाणीला ऊस पुरेना. 2021-22 मध्ये उलटे झाले : मे उलटला तरी फडात ऊस उभा, आणि 1 मे 2022 नंतरच्या गाळपासाठी सरकारने उताऱ्यातील घट म्हणून टनाला 200 रुपये दिले.

अंदाजपत्रकाला पर्याय आहे. स्वीडनच्या हँडल्सबँकेन बँकेने 1970 च्या दशकात वार्षिक अंदाजपत्रकच सोडून दिले. बँकेचे प्रमुख यान वालँडर यांनी शाखांची तुलना ठरवून दिलेल्या आकड्याशी न करता शाखा-शाखांतच लावली. आपल्याकडे अशा तुलनेचे बीज आहे : मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तांत्रिक कार्यक्षमता आणि आर्थिक व्यवस्थापनासाठी कारखान्यांना पारितोषिके देते. ती तुलना समारंभापुरती राहते, सभेच्या अहवालात ठळक येत नाही.

उद्दिष्ट, अंदाज आणि खर्चाची मंजुरी या तीन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या की तिन्ही बिघडतात. उद्दिष्ट शेजाऱ्यांच्या तुलनेत ठरावे, अंदाज दर तिमाहीला बदलावा, खर्च गरजेनुसार मंजूर व्हावा. दोन युनिटांचा कारखाना असेल तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा दिसावा. सभासदाने भावाच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावेत : टनामागे प्रक्रिया खर्च किती आला, गिरणी किती तास बंद राहिली आणि यंदा व्याजापोटी किती गेले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर भावाची काळजी फारशी उरत नाही.