बारा शब्दांचे गुपित

सारीपाटाचा फासा हातातून सुटला, की कोणते दान पडेल हे कोणासही आधी सांगता येत नाही. संगणकावर ठेवलेल्या काही प्रकारच्या धनाची सुरक्षितता अशाच अनिश्चिततेवर अवलंबून असते.

ब्राउझरमध्ये बसविलेल्या क्रिप्टोचलनाच्या ‘पाकिटा’त वस्तुतः धन नसतेच. धनाची नोंद जगभरातील अनेक संगणकांवर उघडपणे राखलेली असते. पाकीट जपते ती केवळ एक गुप्त संख्या. ही संख्या २,०४८ ठराविक शब्दांच्या यादीतील बहुधा बारा शब्दांच्या रूपाने धारकास मिळते. हे शब्द ज्याच्या हाती, त्याच्या हाती ते धन.

हे शब्द कोणास हुडकून काढता येतील काय? पाकीट तयार होताना जणू १२८ वेळा नाणे उडविले जाते. दर वेळी छाप किंवा काटा अशा दोनच शक्यता असल्या, तरी त्यांची एकंदर संख्या ३९ अंकी होते. सेकंदास एक लक्ष शक्यता तपासणारे यंत्र विश्वाच्या आरंभापासून अखंड चालले असते, तरी त्यांचा नगण्य अंशच तपासून झाला असता.

परंतु संगणक हे नियमाने चालणारे यंत्र आहे. ते खरे नाणे उडवीत नाही. ‘मर्सेन ट्विस्टर’ हे सूत्र मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यास आरंभी एक ‘बीज’ संख्या दिली, की ते यदृच्छ भासणाऱ्या संख्यांची माला निर्माण करते. मात्र बीज तेच असेल, तर मालाही तीच येते. शास्त्रीय गणनांसाठी हे सूत्र उपयुक्त आहे. गुपित निर्माण करण्यासाठी ते योजलेलेच नव्हते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्समधील लेजर या कंपनीच्या ‘डॉनजॉन’ या संशोधक गटाने ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझरमधील पाकिटाची तपासणी केली. पाकिटाचे व्यवहार सुरळीत होते आणि शब्दही यदृच्छच भासत. तेव्हा केवळ वापरून दोष दिसणे शक्य नव्हते. संशोधकांनी ही अनिश्चितता येते कोठून, याचा माग आज्ञावलीत उगमापर्यंत काढला. तेथे हेच सूत्र आढळले, आणि त्याचे बीज होते अवघ्या ३२ नाण्यांइतके! म्हणजे शक्यता उरल्या केवळ ४,२९,४९,६७,२९६. वर सांगितलेले यंत्र त्या सर्व सुमारे बारा तासांत तपासून संपविते. मग प्रत्येक शक्यतेवरून निघणारा पत्ता उघड नोंदींतील पत्त्यांशी ताडून पाहिला, की दुबळी पाकिटे ओळखता येतात.

संशोधकास जो मार्ग सापडतो, तोच चोरासही मोकळा असतो. म्हणून हा दोष प्रथम संबंधित कंपनीस खाजगीरीत्या कळविण्यात आला आणि जाहीर वाच्यता एप्रिल २०२३ मध्ये झाली. दरम्यान आज्ञावली दुरुस्त झाली होती. तथापि सुमारे १ लक्ष ७० हजार डॉलरांची चोरी झालीच. कारण किल्ल्या घडविणाऱ्याने आपला साचा सुधारला, म्हणून पूर्वी विकलेल्या किल्ल्या बदलत नाहीत. १४ ते २३ नोव्हेंबर २०२२ या दिवसांत त्या ब्राउझर-पाकिटात ज्यांनी नवे शब्द घेतले होते, त्यांना एकच उपाय होता: नवे पाकीट निर्माण करून सर्व धन तेथे हलविणे.

म्हणून पाकिटाची पारख करताना कुलूप किती भक्कम आहे एवढेच पाहून भागत नाही. त्याची किल्ली कशी घडली, हेही तपासावे लागते.